मॅक्स टायलर

मॅक्स टायलर (३० जानेवारी, १८९९ – ११ ऑगस्ट, १९७२) हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले विषाणुशास्त्रज्ञ होते. डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वरावरील १७डी या लशीचे ते जनक. या कार्यासाठी त्यांना १९५१ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आफ्रिका खंडात जन्मलेले ते पहिले नोबेल विजेते होत.

जन्म व शिक्षण

टायलर यांचा जन्म प्रिटोरिया येथे झाला. त्यांचे वडील आर्नोल्ड टायलर हे मूळचे स्वित्झर्लंडचे व नामांकित पशुवैद्यक होते. केप टाउन येथे प्रारंभिक शिक्षण घेऊन मॅक्स लंडनला गेले आणि १९२२ साली त्यांनी वैद्यकीय व उष्णकटिबंधीय रोगांच्या पदविका मिळवल्या. एम.डी. ही पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्याच वर्षी ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात अँड्र्यू सेलर्ड्स यांच्या हाताखाली रुजू झाले.

पीतज्वरावरील संशोधन

पीतज्वर एडिस इजिप्ती या डासाच्या चाव्याने पसरतो, हे १९०० साली क्युबातील प्रयोगांनी सिद्ध झाले होते. रोगाचे कारण मात्र वादग्रस्त होते. जपानी शास्त्रज्ञ हिदेयो नोगुची यांनी त्यास एक विशिष्ट जीवाणू जबाबदार असल्याचे सांगितले होते. हा जीवाणू लेप्टोस्पायरोसिसच्या जीवाणूहून वेगळा ओळखता येत नाही, असे सेलर्ड्स व टायलर यांनी दाखवून दिले. १९२७ साली पश्चिम आफ्रिकेत असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून पीतज्वराचा विषाणू वेगळा करण्यात आला. त्यासाठी वापरलेली ऱ्हीसस माकडे भारतात आढळणाऱ्या जातीची होती. या शोधाची किंमत मोठी होती. संशोधक एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वराने दगावले. स्वतःच्या मताची शहानिशा करण्यासाठी आफ्रिकेत गेलेले नोगुचीही १९२८ साली अक्रा येथे याच रोगाने मृत्यू पावले.

माकडे महाग होती व त्यांचा पुरवठा अपुरा होता. टायलर यांनी विषाणू पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत टोचून पाहिला आणि उंदीर मेंदुज्वराने मरतात असे त्यांना आढळले. हे निष्कर्ष त्यांनी १९३० साली प्रसिद्ध केले. शोध साधा वाटला तरी त्याने संशोधनाची दिशाच बदलली. एखाद्याचे रक्तद्रव विषाणूत मिसळून उंदराला टोचले आणि उंदीर वाचला, तर त्या व्यक्तीला पूर्वी पीतज्वर होऊन गेला आहे, हे समजू लागले. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेत या रोगाचा वावर नेमका कोठे आहे, याचा अंदाज याच चाचणीने आला. दरम्यान, १९२९ साली स्वतः टायलर यांना प्रयोगशाळेत पीतज्वराची लागण झाली. आजार सौम्य होता. त्यातून त्यांना कायमची प्रतिकारशक्ती मिळाली.

१७डी लस

१९३० साली टायलर न्यूयॉर्क येथील रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत आले. उंदरांच्या मेंदूत वारंवार वाढवलेला विषाणू यकृताला कमी अपाय करी, परंतु मेंदूला असलेला धोका वाढे. त्यामुळे अशा विषाणूची लस माणसाच्या प्रतिद्रव्ययुक्त रक्तद्रवासोबत द्यावी लागे. सर्वसामान्यांच्या लसीकरणास हा मार्ग निरुपयोगी होता. म्हणून टायलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असिबी विषाणू प्रथम उंदराच्या व नंतर कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊतींत वाढवला. एका मालिकेत मेंदू व मज्जारज्जू काढून टाकलेले कोंबडीचे भ्रूण वापरले होते. ती मालिका म्हणजे १७डी. ८९ व्या आणि ११४ व्या उपसंवर्धनांच्या दरम्यान केव्हातरी विषाणूचा मेंदूवरील घातक परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. तसाच बदल पुन्हा घडवण्याचे नंतरचे प्रयत्न निष्फळ ठरले. हाती लागले ते एकदाच लागले.

ह्यू स्मिथ यांच्यासह हे संशोधन १९३७ साली प्रसिद्ध झाले आणि ब्राझीलमध्ये मोठ्या प्रमाणावर लसीकरण सुरू झाले. पुढे मात्र अडचणी आल्या. काही संवर्धनांत विषाणूचे गुणधर्म बदलत असल्याचे दिसल्याने, ठरावीक बीज-साठ्यापासूनच लस बनवण्याची पद्धत अवलंबण्यात आली. १९४२ साली अमेरिकी सैन्यात लस घेतलेल्या हजारो सैनिकांना कावीळ झाली. दोष लशीच्या विषाणूत नव्हता. लस टिकवण्यासाठी मिसळलेल्या मानवी रक्तद्रवात यकृतदाहाचा विषाणू होता. त्यानंतर ते रक्तद्रव लशीतून वगळण्यात आले.

उत्तरकाळ

उंदरांत पक्षाघात घडवणारा, टायलर यांचेच नाव धारण करणारा एक विषाणूही त्यांनी शोधला. मेंदूच्या रोगांच्या अभ्यासात तो आजही वापरला जातो. १९५० च्या दशकात ते न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळांचे संचालक होते. कीटकजन्य विषाणूंच्या शोधासाठी रॉकफेलर फाउंडेशनने याच काळात निरनिराळ्या देशांत केंद्रे उभारण्यास साहाय्य केले. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र (आताची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) हे त्यांपैकीच एक. ते १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने स्थापन झाले.

१९६४ साली टायलर येल विद्यापीठात प्राध्यापक झाले. न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. विल्बर डाउन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा कीटकजन्य विषाणूंवरील ग्रंथ १९७३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झाला.