शपथ घेताना जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या तोंडात फक्त एकच दात उरला होता

अमेरिकेची एक डॉलरची नोट कधी नीट बघितलीय? त्यावरचे जॉर्ज वॉशिंग्टन ओठ गच्च मिटून बसलेत आणि तोंड जरा फुगल्यासारखं दिसतंय. ही काही ऐट नव्हती, त्यांच्या तोंडात कवळी होती.

वॉशिंग्टन यांचा जन्म १७३२ चा. १७५६ मध्ये, म्हणजे वयाच्या २४ व्या वर्षी, त्यांनी एका डॉक्टरला ५ शिलिंग देऊन पहिला दात काढून घेतला. तिथून जे दुखणं मागं लागलं, ते मरेपर्यंत सुटलं नाही.

बरं, माणूस दातांच्या बाबतीत निष्काळजी होता म्हणावं, तर तसंही नाही. ते ब्रश वापरायचे, दंतमंजन मागवायचे. ब्रिटिशांशी लढाई चालू असताना १७८१ मध्ये त्यांनी आपल्या दंतवैद्याला पत्र लिहून दात साफ करायची हत्यारं मागवली. आपण एवढ्यात फिलाडेल्फियाकडे येणार नाही, असंही त्यात होतं. हे पत्र ब्रिटिशांच्या हाती लागलं. वॉशिंग्टन न्यूयॉर्कजवळच थांबणार, हा ब्रिटिशांचा समज त्यामुळे पक्का झाला असावा, असं काही इतिहासकार मानतात. वॉशिंग्टन मात्र सैन्य घेऊन यॉर्कटाउनला पोहोचले आणि तिथं ब्रिटिश सैन्याला शरण यावं लागलं.

लढाई जिंकली, पण दात काही वाचले नाहीत. ३० एप्रिल १७८९ ला न्यूयॉर्कमध्ये ते पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा तोंडात एकच दात शिल्लक होता. जॉन ग्रीनवूड या दंतवैद्याने त्या दातासाठी भोक ठेवून कवळी बनवली. पुढं तोही दात काढावा लागला.

वॉशिंग्टन यांची कवळी लाकडाची होती असं आजही सांगितलं जातं, पण ते खोटं आहे. त्यांच्या कवळ्यांमध्ये पाणघोड्याचा दात, शिसं, सोन्याची तार, जनावरांचे दात आणि माणसांचेही दात होते. १७८४ च्या त्यांच्या हिशेबात कृष्णवर्णीयांना ९ दातांपोटी ६ पौंड २ शिलिंग दिल्याची नोंद सापडते. त्यांच्या माउंट व्हर्ननच्या मळ्यावर शेकडो गुलाम राबत होते. मालकाने दात मागितला, तर नाही म्हणायची सोय गुलामाला नव्हती.

ती कवळी घालणं म्हणजे शिक्षाच होती. आत स्प्रिंग असायची, त्यामुळे जबडा सतत दाबून धरावा लागे. ओठ पुढं येतात, अशी तक्रार त्यांनी १७९८ मध्ये ग्रीनवूडकडे केली. कवळी काळी पडल्याचं बघून ग्रीनवूडने कळवलं की हा पोर्ट वाइनचा परिणाम आहे, जेवण झाल्यावर ती काढून ठेवत जा आणि ब्रशने घासत जा. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७९९ मध्ये, वॉशिंग्टन गेले.

आता प्रश्न पडतो, एवढी काळजी घेऊनही दात का गेले?

एक कारण औषधाचं असावं. त्या काळी बऱ्याच आजारांवर पाऱ्यापासून बनवलेलं कॅलोमेल देत. त्याने हिरड्या सुजत आणि दात हलायला लागत. देवी आणि मलेरिया भोगलेल्या वॉशिंग्टन यांनाही त्याचा फटका बसला असावा, असं अभ्यासक सांगतात. दुसरं म्हणजे, दात किडतो कसा हेच तेव्हा कुणाला कळलेलं नव्हतं. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरतं, हे विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये मांडलं. वॉशिंग्टन यांच्या काळात दुखऱ्या दातावर बहुतेक वेळा उपाय एकच, तो म्हणजे उपटणे.

आज आपल्याकडं ती माहितीही आहे आणि उपायही. फ्लोराइडची पेस्ट घेऊन दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपताना न चुकता, दोन मिनिटं ब्रश करायचा. सारखं गोड तोंडात टाकायचं नाही. तंबाखू, गुटखा लांब ठेवायचा. घरात आजी-आजोबांची कवळी असेल, तर ती रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कीड सुरुवातीला दुखत नाही. दुखायला लागते तोवर ती बरीच आत गेलेली असते. म्हणून ठणका लागायची वाट न बघता डॉक्टरला दात दाखवून यायचे. छोटी कीड असेल तर सिमेंट भरून काम भागतं आणि दात वाचतो. वॉशिंग्टन यांना पैसे देऊनही दात वाचवता आले नाहीत.