राजवैद्य विल्यम हार्वे : रुधिराभिसरणाचा शोधक

वैद्यबुवा घरी आले की आधी रोग्याचा हात हातात घेत. पुरुषाचा उजवा, स्त्रीचा डावा. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे टेकवून ते डोळे मिटीत, आणि घरातली माणसे श्वास रोखून त्यांच्या मुद्रेकडे पाहत. नाडीची चाल कधी सापासारखी, कधी बेडकासारखी, तर कधी हंसासारखी असते, असे शार्ङ्गधराने सांगून ठेवले आहे. ग्रीक आणि अरब वैद्यांनीही नाडीचे असेच बारीक भेद केले होते. तथापि बोटाखाली उसळणारे हे रक्त येते कोठून आणि जाते कोठे, या साध्या प्रश्नाचे पुराव्यानिशी उत्तर मिळण्यास १६२८ साल उजाडावे लागले. ते उत्तर देणारा गृहस्थ इंग्लंडच्या राजाचा दरबारी वैद्य होता. विल्यम हार्वे हे त्याचे नाव.

हार्वेचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील फोक्स्टन या समुद्रकाठच्या गावी झाला. बाप खाऊनपिऊन सुखी. नऊ मुलांत विल्यम थोरला. पाठचे भाऊ बहुतेक व्यापारात शिरले, हा विद्येकडे वळला. कँटरबरीच्या शाळेत लॅटिन पक्के करून तो केंब्रिजला गेला, आणि १५९७ मध्ये पदवी घेतल्यावर त्याने इटलीतील पादुआची वाट धरली. गायकीची तालीम घ्यायची तर ग्वाल्हेरला जावे, तसे त्या काळी वैद्यकाची तालीम घ्यायची तर पादुआस जावे, अशी त्या विद्यापीठाची ख्याती होती. गॅलिलिओ त्याच सुमारास तेथे गणित शिकवीत होता.

गुरूची छोटी दारे

पादुआत हार्वेचा गुरू होता फॅब्रिशियस. शवच्छेदन दाखविण्यासाठी तेथे लाकडाची एक लंबवर्तुळाकार विहीरच उभारलेली होती. तळाशी मेज, भोवती एकावर एक सहा सज्जे, आणि कठड्याला टेकून उभे असलेले शिष्य. फॅब्रिशियसने हातापायांच्या शिरा उघडून आत एक नवल दाखविले. शिरांच्या आतल्या अंगाला ठिकठिकाणी पातळ पापुद्र्याच्या झडपा असतात. त्याने त्यांना छोटी दारे म्हटले, आणि १६०३ मध्ये त्यांवर सुरेख चित्रांचा ग्रंथही प्रसिद्ध केला.

दारे सापडली, पण ती कशासाठी, हे मात्र गुरूला नीट उमगले नाही. कारण त्याच्या डोक्यात गेलेनची विद्या बसलेली होती. गेलेन हा दुसऱ्या शतकातला थोर वैद्य. चौदाशे वर्षे युरोपात त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. त्याच्या मते खाल्लेल्या अन्नाचे यकृतात रक्त बनते, ते शिरांतून सर्व अवयवांकडे जाते, आणि शेताने पाटाचे पाणी प्यावे तसे अवयव ते पिऊन टाकतात. त्यातले थोडे हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून डावीकडे झिरपते, आणि तेथे प्राणवायूशी मिसळून धमन्यांत शिरते. या हिशेबात रक्ताला परतीची वाट नाही. म्हणून फॅब्रिशियसने असे ठरविले की, रक्त एकदम हातापायांत उतरून ते सुजू नयेत यासाठी ही दारे बांधासारखी त्याचा वेग अडवितात.

घराण्याची शिस्त ज्यांनी अंगी बाणविली आहे, त्यांना फॅब्रिशियसची अडचण कळेल. कान काही निराळे सांगत असला तरी शिकविलेली चीजच प्रथम ओठावर येते. हार्वे १६०२ मध्ये पदवी घेऊन लंडनला परतला, तो गुरूचा अनादर मनात धरून नव्हे. पण त्या दारांचे कोडे मात्र तो बरोबर घेऊन आला.

एक पट्टी आणि एक हात

लंडनमध्ये त्याचा जम लवकर बसला. १६०४ मध्ये दिवंगत एलिझाबेथ राणीच्या एका वैद्याची मुलगी त्याने केली. १६०९ पासून सेंट बार्थोलोम्यूच्या रुग्णालयात तो गरिबांना तपासू लागला, १६१६ पासून वैद्यांच्या महाविद्यालयात शरीरशास्त्रावर व्याख्याने देऊ लागला, आणि १६१८ मध्ये जेम्स राजाच्या दरबारी वैद्यांत त्याची नेमणूक झाली. अंगाने ठेंगणा, रंगाने सावळा, डोळे काळेभोर आणि स्वभाव तापट. दिवसा रोगी व दरबार, आणि उरल्या वेळी कुत्री, मासे, साप, बेडूक, कोंबडीची अंडी असे जे हाती येईल त्याचे परीक्षण, असा त्याचा क्रम वर्षानुवर्षे चालला होता.

त्याचा निर्णायक प्रयोग मात्र कोणाही माणसाच्या हातावर करता येण्यासारखा होता. शीर तोडून रक्त काढताना दंडाला पट्टी बांधण्याची रीत प्रत्येक वैद्याला ठाऊक होती. हार्वेने सडपातळ माणसाचा, ठसठशीत शिरांचा हात निवडला. पट्टी अगदी करकचून आवळली की मनगटाची नाडी बंद पडे, हात हळूहळू गार होई, आणि पट्टीच्या वरच्या बाजूला धमनी उसळत राही. मग तो पट्टी थोडी सैल करी. त्याबरोबर नाडी परत येई, हात लाल होऊन भरून येई आणि पट्टीखालच्या शिरा दोरीसारख्या फुगत. पट्टीच्या वर मात्र त्या फुगत नसत. शेवटी पट्टी सोडली की फुगलेल्या शिरा ओसरत, आणि त्या माणसाला काहीतरी गार गार काखेकडे चढत गेल्यासारखे वाटे.

याचा अर्थ काय? धमन्या खोल असतात, शिरा कातडीलगत. करकचून बांधलेली पट्टी दोहोंनाही मिटविते. सैल पट्टी फक्त शिरा मिटविते. तेव्हा रक्त हातात येते ते धमन्यांतून, आणि परत जाते ते शिरांतून. शिरेवरच्या गाठी म्हणजेच गुरूची छोटी दारे. हार्वे अशा एका गाठीवर बोट दाबून ठेवी आणि दुसऱ्या बोटाने शिरेतले रक्त वरच्या गाठीपलीकडे सारी. मधला तुकडा रिकामाच राही. वरून कितीही रेटले तरी रक्त खाली उतरत नसे. खालचे बोट उचलताच मात्र शीर भरून येई. दारे हृदयाच्या दिशेनेच उघडतात. मानेच्या शिरांतील दारेसुद्धा खाली, हृदयाकडेच उघडतात, हे त्याने दाखविले. मानेतले रक्त तर आधीच उतारावर असते. तेव्हा पायांकडे धावणाऱ्या रक्ताला बांध घालण्याची गुरूची कल्पना तेथे लागूच पडत नव्हती.

दुसरा पुरावा हिशेबाचा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अवघे अर्धा औंस रक्त बाहेर पडते, आणि अर्ध्या तासात ठोके फक्त १००० पडतात, असे त्याने मुद्दाम कमीत कमी धरले. खरे ठोके त्याहून कितीतरी अधिक असतात. तरीही अर्ध्या तासात ५०० औंस, म्हणजे सुमारे १५ किलो रक्त होते! एवढे रक्त माणसाच्या साऱ्या देहातही नसते, मग ते रोजच्या जेवणातून अर्ध्या तासाला कोठून बनणार? प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय जवळजवळ तेवढेच रक्त दर मिनिटाला फिरविते, हे आज आपण जाणतो. हार्वेच्या हिशेबातून एकच निष्कर्ष निघत होता : तेच रक्त फिरून फिरून येते. तालाचे आवर्तन जसे समेवर परतते, तसे रक्त हृदयापाशी परतते.

छापलेला ग्रंथ आणि तुटलेले रोगी

१६२८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे हार्वेचा लॅटिन ग्रंथ छापून निघाला. पाने अवघी ७२, मुद्रणदोष पुष्कळ, आणि पट्टी बांधलेल्या हाताची चार चित्रे. ग्रंथ त्याने चार्ल्स राजाला अर्पण केला. देहात जसे हृदय तसा राज्यात राजा, ही उपमाही त्यात योजली होती. दरबारी माणसाचे हे शिष्टाचार झाले. पण ग्रंथातला युक्तिवाद कोणाच्या मर्जीवर उभा नव्हता.

त्याचा परिणाम हार्वेला भोगावा लागला. त्याला ओळखणाऱ्या जॉन ऑब्रीने लिहून ठेवले आहे की, ग्रंथ निघाल्यावर त्याचे रोगी कमी झाले. लोकांना त्याचे डोके फिरले असे वाटू लागले. पॅरिसचा रिओलाँ हा नामांकित शरीरशास्त्रज्ञ विरोधात उभा राहिला. १६३६ मध्ये एका वकिलातीबरोबर जर्मनीत गेला असता हार्वेने आल्टडॉर्फ येथे कास्पार हॉफमन या वृद्ध प्राध्यापकासमोर प्रयोग करून दाखविला. हॉफमन प्रत्यक्ष पाहूनही बधला नाही. पुढे रिओलाँला हार्वेने १६४९ मध्ये उत्तर दिले, तेही सौम्य शब्दांत.

ऐकीव गोष्टीपेक्षा डोळ्यांवर विसंबण्याची त्याची वृत्ती इतरत्रही दिसली. १६३४ मध्ये लँकेशायरच्या काही बायकांवर चेटकिणी असल्याचा आरोप आला. त्यांच्या अंगावर सैतानाची खूण आहे काय, हे पाहण्याचे काम राजाने हार्वेच्या देखरेखीखाली सुइणी व शस्त्रवैद्यांकडे सोपविले. तपासणीत भलते काहीही आढळले नाही. एका उमरावाच्या मुलाच्या छातीला लहानपणच्या अपघाताने कायमचे भोक राहिले होते. हार्वेने त्याला चार्ल्सपुढे नेले, आणि राजा व वैद्य दोघांनीही त्या तरुणाच्या धडधडत्या हृदयाला बोट लावून पाहिले.

१६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले. एजहिलच्या लढाईत दोन्ही राजपुत्र हार्वेच्या हवाली होते. तो कुंपणाआड पुस्तक वाचीत बसला होता. तोफेचा गोळा जवळच पडला, तेव्हा कुठे जागा बदलली, असे ऑब्री सांगतो. खरा घाव बसला तो लंडनमध्ये. शिपायांनी त्याची खोली लुटली आणि कीटकांच्या उत्पत्तीविषयी वर्षानुवर्षे केलेली टिपणे नाहीशी झाली. एवढे दुःख आपल्याला दुसऱ्या कशाने झाले नाही, असे तो म्हातारपणी सांगे. १६४९ मध्ये त्याच्या राजाचा शिरच्छेद झाला. अपत्य नव्हते, पत्नीही आधी गेली. वृद्ध हार्वे भावांच्या आश्रयाने राहू लागला; संधिवाताने पाय धरले होते आणि कॉफीचा षौक जडला होता. शोधाची पहिली कल्पना कशातून सुचली, असे तरुण रॉबर्ट बॉइलने विचारले तेव्हा त्याने उत्तर दिले : शिरांतील दारांवरून. गुरूचे ऋण अखेरपर्यंत त्याच्या ध्यानात होते.

३ जून १६५७ रोजी पक्षाघाताने त्याचा अंत झाला. एक उणीव तो मागे ठेवून गेला. धमनीतले रक्त शिरेत नेमके कसे उतरते, हे त्याने तर्काने मानले होते, पाहिले नव्हते. १६६१ मध्ये मालपिघीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केसाहून बारीक वाहिन्या पाहिल्या, आणि आवर्तन पुरे झाले. हेही सांगितले पाहिजे की शोधामुळे हार्वेची स्वतःची औषधयोजना फारशी बदलली नाही. रक्त काढण्याचा उपाय तो पूर्वीसारखाच करीत राहिला. ज्ञान हाती आले तरी उपचारांना वळण लागायला पिढ्या जाव्या लागतात.

आज त्या छोट्या दारांची ओळख आपल्या घरांतूनही झाली आहे. तासन्‌तास उभे राहणाऱ्यांच्या पायांवर निळ्या गाठी दिसतात, त्या बहुधा दारे नीट मिटेनाशी झाल्यामुळे. पोटऱ्यांची हालचाल झाली की रक्त वर ढकलले जाते, म्हणून डॉक्टर चालायला सांगतात. हृदयावरील बायपास शस्त्रक्रियेत पायाची शीर काढून हृदयाच्या रोहिणीला जोडतात, तेव्हा ती बहुधा उलटी करून लावतात. कारण सरळ लावली तर तिच्यातली दारे रक्ताला अडवतील.

हार्वेने वैद्यांच्या महाविद्यालयाला बांधून दिलेले ग्रंथालय १६६६ च्या आगीत जळाले. त्याने १६५६ मध्ये लावून दिलेले वार्षिक व्याख्यान मात्र चालू आहे. त्याच्या दानपत्रात दोन अटी आहेत : सभासदांनी प्रयोगाने निसर्गाची रहस्ये शोधावीत, आणि आपसांत स्नेहाने नांदावे. गुरूच्या मताच्या उलट गेलेल्या, पण गुरूशी कधीही न भांडलेल्या शिष्याने या दोन गोष्टी एका कागदावर लिहाव्या, हे त्याला साजेसेच झाले.