पाठीवरची ॲम्ब्युलन्स

एक्स्प्रेस वेवर अपघात झाला की आम्हा पनवेलकरांना तो आधी सायरनवरून कळतो. कळंबोलीच्या बाजूनं ॲम्ब्युलन्स जाताना दिसली की हातातलं काम थांबतं. १०८ ची ही सेवा राज्यात आली २०१४ मध्ये. इमर्जन्सी मेडिसिनला एमडीचा स्वतंत्र विषय म्हणून मान्यताही २००९ ची. पेशंटला वेळेत डॉक्टरपर्यंत पोचवणं हा उपचाराचाच भाग, हे आता रीतसर शिकवतात. मला मात्र सायरन ऐकला की सावित्रीबाई फुले आठवतात.

शाळेतल्या सावित्रीबाई आपल्याला पाठ आहेत. ३ जानेवारी १८३१ ला नायगावात जन्म, नवव्या वर्षी जोतीरावांशी लग्न, १८४८ मध्ये भिडेवाड्यातली मुलींची शाळा. पुढे फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं त्यांनी स्वतःच्या घरात केली. त्यातल्याच काशीबाईंचा मुलगा यशवंत १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनीच धरलं. इथवर आपण नीट वाचतो, पुढची सात वर्षं घाईघाईनं उरकतो.

१८९७ उजाडलं तेच पुण्यात प्लेग घेऊन. काखेत नाहीतर जांघेत गाठ, फणफणून ताप, आणि थोड्याच दिवसांत खेळ खलास. खात्रीचं औषध नव्हतंच. उंदरांवरच्या पिसवा रोग पसरवतात हे १८९८ मध्ये उमगलं. गावंच्या गावं ओस पडत होती, आजारी माणसाजवळ कुणी जाईना. अशा वेळी सावित्रीबाईंनी यशवंतला लष्करातल्या नोकरीतून बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडायला लावला. तपासायचं काम त्याचं आणि पेशंट आणायचं काम सहासष्ट वर्षांच्या आईचं!

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं. त्याला हात कोण लावणार? एकीकडे साथीची भीती, दुसरीकडे विटाळ. बाई तिथे गेल्या, पोराला पाठीवर घेतलं आणि थेट दवाखान्यात आणलं. आज पेशंटला हात लावण्याआधी ग्लोव्हज, मास्क चढवायला शिकवतात. बाईंच्या अंगावर होता तो फक्त लुगड्याचा पदर.

मुलगा वाचला, असं सांगतात. सावित्रीबाईंना मात्र प्लेगनं गाठलं आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. प्लेग पुण्यात पुन्हा पुन्हा येत राहिला. १९०५ मध्ये त्यानंच डॉ. यशवंतलाही नेलं.