मुन्शी प्रेमचंद : माणूस ओळखणारा कथाकार

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या भिवंडीत यंत्रमागावर राबणाऱ्या कितीतरी कुटुंबांचे मूळ गाव आझमगड, मऊ किंवा बनारसकडे आहे. त्याच बनारसजवळील लमही गावी ३१ जुलै १८८० रोजी धनपतराय यांचा जन्म झाला. वडील टपाल खात्यात कारकून होते. आई लहानपणीच वारली. मौलवीसाहेबांकडे उर्दू-फारसीचे धडे गिरवून हा मुलगा शिक्षक झाला, पुढे शाळा तपासनीसही झाला. १९०८ साली निघालेला त्यांचा ‘सोझे वतन’ हा कथासंग्रह इंग्रज सरकारने राजद्रोही ठरविला. त्यानंतर ते प्रेमचंद या नावाने लिहू लागले. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन १९२१ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली.

त्यांच्या कथांतील माणसे आपल्याला खरी का वाटतात? कारण ती निव्वळ सज्जन नाहीत आणि निव्वळ दुर्जनही नाहीत. ‘पंच परमेश्वर’मधील जुम्मन शेख म्हाताऱ्या खालाची मालमत्ता आपल्या नावे करून घेतो आणि मग तिला नीट सांभाळीत नाही. जिवलग मित्र अलगू पंच म्हणून त्याच्याविरुद्ध निकाल देतो, तेव्हा जुम्मन त्याचा वैरी होतो. पुढे अलगूच्याच तंट्यात जुम्मन पंच होतो. सूड घेण्याची संधी चालून आलेली असते. पण न्यायासनावर बसताच त्याला जबाबदारीची जाणीव होते आणि तो अलगूला न्याय देतो.

१९३६ सालच्या ‘गोदान’ कादंबरीतील होरीही तसाच. बांबूच्या सौद्यात तो भावांपासून चार पैसे लपवू पाहतो. पण त्याच्या गाईला विष घालून भाऊ परागंदा होतो, तेव्हा त्या भावाच्या बायकोची शेती होरीच सांभाळतो.

१९३४ साली प्रेमचंद मुंबईस आले आणि गिरणी कामगारांवरील ‘मजदूर’ या चित्रपटाची कथा त्यांनी लिहिली. त्याच वर्षी बनारसला त्यांच्या स्वतःच्या छापखान्यातील कामगारांनी थकलेल्या पगारासाठी संप केला! मजुरांचा कैवारी लेखक कर्जबाजारी मालकही होता. माणसातील विसंगती त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. ती त्यांच्या घरातच होती.

८ ऑक्टोबर १९३६ रोजी ते निवर्तले.

मित्रांनो, शाळेच्या अंकासाठी गोष्ट लिहाल, तेव्हा तुमच्या खलनायकाला एखादा चांगला गुण द्या आणि नायकाला एखादा लोभ. त्यासाठी आधी आपल्या मोहल्ल्यातील माणसे नीट पाहा. आणि पालकहो, एका परीक्षेच्या निकालावरून आपल्या मुलावर नालायकीचा शिक्का मारण्यापूर्वी जुम्मनला आठवा. त्याच्या पहिल्या वागण्यावरून त्याला कोणी पंच केलेच नसते, तर त्याच्यातील न्यायी माणूस कोणाला दिसला असता?