डॉक्टरांपुढे आपण गप्प का बसतो? डॉ. रखमाबाईंचं आयुष्य आणि आज्ञापालनाचं मानसशास्त्र

तपासणी होते, चिठ्ठी हातात येते, तुम्ही मान डोलावून बाहेर पडता. भोरहून हिर्डोशीकडे जाणाऱ्या एसटीत बसल्यावर आठवतं, ही गोळी किती दिवस घ्यायची ते विचारायचं राहूनच गेलं. किंवा ऑपरेशनला होकार दिलेला असतो, पण ते नाही केलं तर काय होईल हे कुणी सांगितलेलं नसतं आणि तुम्हीही विचारलेलं नसतं. हे फक्त घाटाखालच्या किंवा धरणाकाठच्या गावातल्या माणसांचं होतं असं समजू नका. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत शिकलेसवरलेले लोकही असेच गप्प बसतात.

यात तुमच्या बुद्धीची किंवा धीटपणाची कमतरता नसते. अधिकार असलेल्या माणसासमोर आपण असं का वागतो, याचा मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. तो समजून घ्यायचा तर ज्या व्यक्तीने एका फार मोठ्या अधिकाराला नकार दिला, तिचं आयुष्य पाहणं मला सोयीचं वाटतं. शिवाय ती व्यक्ती पुढे स्वतः डॉक्टर झाली.

अकराव्या वर्षी लग्न

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या अगदी लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाईंनी काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मनाई नव्हती. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित नामवंत डॉक्टर होते आणि वनस्पतींचे अभ्यासकही होते.

रखमाबाई अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचं लग्न लावून दिलं गेलं. दादाजी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी सासऱ्यांच्या आधाराने शिकावं असं ठरलं होतं, पण ते झालं नाही. सखाराम अर्जुन डॉक्टर असल्यामुळे कोवळ्या वयात मुलीला नांदायला पाठवायला त्यांचा विरोध होता. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि पुस्तकं मिळवून घरीच शिकत गेल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लग्नात त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि अकरा वर्षांच्या मुलीला विचारून तरी काय होणार होतं! पण पुढची पायरी, म्हणजे नांदायला जाण्याची, त्या कधीच चढल्या नाहीत. या पायरीचा संबंध पुढे येईल.

न्यायालयाचा हुकूम

१८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. मागणी होती, बायकोला माझ्या घरी पाठवा. खटला चालू असतानाच एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. घरातला सर्वांत मोठा आधार गेला, तरी रखमाबाई मागे हटल्या नाहीत. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात टोपणनावाने दोन पत्रं छापून आली. बालविवाहामुळे मुलींचं शिक्षण आणि आरोग्य कसं मातीमोल होतं हे त्यांत होतं. ती पत्रं रखमाबाईंची होती.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. इच्छा नसलेल्या तरुण स्त्रीला अशा प्रकारे नवऱ्याच्या हवाली करणं त्यांना मान्य नव्हतं. सनातनी मंडळी खवळली, लोकमान्य टिळकांनीही रखमाबाईंना विरोध केला. अपिलात प्रकरण पुन्हा सुनावणीला गेलं. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगा.

रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली.

पुढे इंग्लंडच्या राणीने हे लग्न रद्द केलं, अशी गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. ती ऐकायला छान आहे, पण प्रकरण मिटलं ते तडजोडीने. जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला.

प्रयोगांमध्ये काय दिसलं?

आता थोडं अमेरिकेकडे वळू. १९६१ मध्ये येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने काही प्रयोग सुरू केले. साध्यासुध्या माणसांना सांगितलं गेलं की शेजारच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की विजेचा झटका द्या आणि प्रत्येक चुकीला झटका १५ व्होल्टने वाढवा. झटके खोटे होते, पलीकडचा माणूस ओरडण्याचं नाटक करत होता. झटके देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. तो अडखळला की शेजारी कोट घालून बसलेला संशोधक शांतपणे पुढे चालू ठेवायला सांगे. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. अनेकांना घाम फुटला होता, हात थरथरत होते, तरी ते थांबले नाहीत. असा प्रयोग आजची कोणतीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही, आणि सगळ्यांनाच झटके खरे वाटले होते का यावर नंतर वादही झाले. तरी या प्रयोगाच्या बदललेल्या आवृत्त्या आपल्याला खूप काही शिकवतात.

हुकूम देणारा खोलीत नसला आणि फोनवरून सूचना देऊ लागला, तर शेवटपर्यंत जाणाऱ्यांचं प्रमाण पाचात एकाच्या आसपास आलं. सोबत बसलेल्या दोघांनी (ते संशोधकाचेच लोक होते) मध्येच नकार दिला, तर ४० पैकी फक्त चारच शेवटपर्यंत गेले. माणसं तशीच होती, त्यांच्या भोवतालची परिस्थिती तेवढी बदलली होती. दुसरी गोष्ट पायऱ्यांची. १५ व्होल्ट दिल्यावर ३० ला नाही म्हणायला कारण सापडत नाही, ३० नंतर ४५ ला. जो एकेक पायरी चढत जातो, त्याला थांबायची जागाच दिसत नाही.

रुग्णालयातला प्रयोग तर आम्हा डॉक्टरांनीच लक्षात ठेवायला हवा. १९६६ मध्ये हॉफलिंग आणि सहकाऱ्यांनी रात्रपाळीच्या परिचारिकांना एका अनोळखी डॉक्टरच्या नावाने फोन केले आणि एका अपरिचित औषधाचे २० मिलिग्रॅम द्यायला सांगितले. बाटलीवर कमाल मात्रा १० मिलिग्रॅम असं स्पष्ट छापलं होतं. २२ पैकी २१ जणी द्यायला निघाल्या, त्यांना वाटेतच थांबवण्यात आलं. १९७७ मध्ये असाच प्रयोग पुन्हा झाला. फरक इतकाच की औषध ओळखीचं होतं आणि सहकाऱ्यांशी बोलायची मुभा होती. या वेळी १८ पैकी केवळ दोघी तयार झाल्या.

म्हणजे दोन गोष्टींनी फरक पडला, माहिती आणि सोबत. रखमाबाईंकडे या दोन्ही होत्या. त्या वाचत होत्या, कायद्यात काय चाललंय ते समजून घेत होत्या. पाठीशी आई होती, सुरुवातीला सखाराम अर्जुन होते. नंतर बेहरामजी मलबारींसारखे सुधारक आणि कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची होत्या. त्यांचं धैर्य मी कमी लेखत नाही. पण एकटीने सगळ्यांशी झुंजणारी असामान्य बाई असं चित्र रंगवलं, तर तुमच्याआमच्या उपयोगाचं त्यात काही उरत नाही.

रखमाबाई डॉक्टर होतात

डॉ. पीची यांच्या प्रोत्साहनाने, लोकांनी उभारलेल्या पैशांवर रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. परत आल्यावर सुरत आणि नंतर राजकोट इथल्या स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी साधारण पस्तीस वर्षं काम केलं. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला त्यांनी न्यायालयात नाकारलं, त्याचं वैधव्य त्यांनी का पत्करलं? मला यात विसंगतीपेक्षा माणूसपण दिसतं. एका ठिकाणी ठाम राहिलेला माणूस दुसरीकडे चालीरीतींशी जुळवून घेतो, तुम्हीही घेत असाल. निवृत्तीनंतर पडदा पद्धत बंद व्हावी यासाठी त्यांनी लिहिलं. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदीत, त्यांचं निधन झालं.

तुमची संमती

रखमाबाईंच्या खटल्यातला मूळ प्रश्न होता, या शरीराबद्दल संमती द्यायची कुणी? दवाखान्यात तो रोज येतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका सज्ञान स्त्रीचं गर्भाशय, बाहेर बसलेल्या तिच्या आईच्या संमतीवर काढलं गेलं होतं. तातडीचा, जिवावरचा प्रसंग नसेल तर रुग्णाची स्वतःचीच संमती लागते, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याला लागत नाही. सासूबाईंनी ठरवलं किंवा ह्यांनी सही केली म्हणून विषय संपत नाही.

याचा अर्थ डॉक्टरांचं ऐकू नका असा मुळीच नाही. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा क्षयरोगाच्या गोळ्या मनाने बंद करू नका, त्यात जीव जाऊ शकतो. विचारा मात्र जरूर. आजाराचं नाव काय, हा उपचार कशासाठी, दुसरा पर्याय आहे का, थोडं थांबलं तर चालेल का, खर्च किती. प्रश्न घरीच कागदावर लिहून आणा, कारण टेबलासमोर बसल्यावर निम्मे आठवत नाहीत. बरोबर कुणाला तरी आणा, पण तुमच्या वतीने उत्तरं देणारं माणूस नको, तुम्ही अडखळलात तर आठवण करून देणारं हवं. तपासणीमागून तपासणी, मग दाखल करणं, मग ऑपरेशन असं चाललं असेल, तर प्रत्येक टप्प्यावर नव्याने विचारा. मागच्याला हो म्हटलं म्हणून पुढच्याला हो म्हणायची सक्ती नसते.

ऑपरेशन तातडीचं नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यासाठी वेळ मागून घ्या. त्यासाठी कागदपत्रं लागतील. तुम्ही मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांच्या नोंदींची प्रत देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या.