आयुष्याला लावलेले विरजण

गुहागर तालुक्यातले वेळणेश्वर म्हटले की लोकांना शंकराचे देऊळ आणि माडांच्या रांगेला लागून पसरलेली पुळण आठवते. मला आठवते ते तिथल्या एका स्वयंपाकघरातले शिंके आणि त्यात ठेवलेले दह्याचे मातीचे लोटके. माझी आजी रात्री निजण्याआधी दुधात बोट बुडवून पाही. बोटाला सोसेल इतपत कोमट झाले की चमचाभर विरजण त्यात कालवी आणि वर झाकण ठेवी. कधी दही बिघडलेच तर शेजारच्या घरून विरजण येई. मात्र दिवेलागणीनंतर ते कोणी मागत नसे आणि कोणी देतही नसे. त्या चमचाभर दह्यात असे असते तरी काय, हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडला नाही.

तो पडला पॅरिसमध्ये राहणाऱ्या एका दाढीवाल्या रशियन शास्त्रज्ञाला. त्याचे नाव एली मेचनिकॉफ. आज औषधांच्या दुकानात आणि दुधाच्या पदार्थांच्या कपाटात ‘प्रोबायोटिक’ हा शब्द ज्या दिमाखाने मिरवतो आहे, त्याची सुरुवात या माणसापाशी जाते. पण त्याचे चरित्र वाचावे ते केवळ दह्यासाठी नव्हे. ज्याने दोनदा स्वतःचे आयुष्य संपवू पाहिले, तोच पुढे माणसाला शंभरी कशी गाठता येईल याचा ध्यास घेऊन बसला, ही त्यातली खरी गोष्ट आहे.

मेचनिकॉफ १८४५ च्या मे महिन्यात आजच्या युक्रेनमधील खारकोव्हजवळच्या एका खेड्यात जन्मला. पोर इतके चुळबुळे की घरचे त्याला पारा म्हणत. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत संपवला आणि पंचविशीत ओडेसाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. बुद्धी तल्लख, पण मन हळवे आणि स्वभाव टोकाचा. १८६९ मध्ये त्याने ल्युडमिलाशी लग्न केले. तिला क्षय होता. लग्नाच्या दिवशी ती इतकी अशक्त होती की खुर्चीत बसवून तिला चर्चमध्ये न्यावे लागले. पुढची चार वर्षे औषधपाणी, हवापालट आणि पैशांची ओढाताण यांत गेली. १८७३ साली मदेरा बेटावर तिने डोळे मिटले. मेचनिकॉफ कोसळला आणि त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. तो फसला.

त्या दिवसांत जिनिव्हात नदीच्या पुलावर उभा असताना दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे त्याला दिसले. काही तासांचेच आयुष्य असलेल्या जिवांना निसर्गाचा निवडीचा नियम लागू होतो तरी कसा, असा प्रश्न त्याच्या मनात आला. त्या प्रश्नाने त्याला पुन्हा कामाकडे ओढून आणले. संकटात माणसाला कोणी देव तारतो, कोणी मित्र. याला किड्यांनी तारले.

१८७५ मध्ये त्याने ओल्गाशी दुसरे लग्न केले. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गोंगाट्या कुटुंबातली ही मुलगी त्याच्याकडे प्राणिशास्त्र शिकायला येत असे. पुढे तिला टायफॉइड झाला. विद्यापीठातले राजकारण असह्य झाले होते, प्रकृती ढासळली होती. १८८१ मध्ये त्याने पुनःपुन्हा उलटणाऱ्या तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. मेलो तर सुटलो, आणि निदान हा रोग रक्तातून पसरतो का तेवढे तरी कळेल, असा तो विचित्र हिशेब होता. ताप आला, जिवावर बेतले, पण तो याही खेपेला वाचला. आपण मराठीत ‘उत्साहावर विरजण पडले’ असे म्हणतो. या माणसाच्या आयुष्यावर ते दोनदा पडले, आणि दोन्ही वेळा त्याखाली काहीतरी वेगळेच जमून आले.

नोकरी सोडून १८८२ मध्ये तो इटलीत मेसिना येथे समुद्रकाठी राहायला गेला. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे बघायला गेली आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकाशी बसला. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिलाच्या शरीरात काही पेशी इकडेतिकडे फिरताना त्याला दिसत होत्या. बाहेरून काही घुसले तर या पेशी त्यावर चालून जात असतील का? बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्याने त्या पिलांच्या अंगात टोचले. रात्रभर त्याला झोप नव्हती. सकाळी पाहतो तो काट्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला! शरीराचे रक्षण करणाऱ्या, जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशींचा शोध तो हाच. या कामासाठी १९०८ मध्ये पॉल एर्लिश यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

मधल्या काळात तो ओडेसाला परतला, तिथल्या जंतुशास्त्र केंद्राचा प्रमुख झाला आणि लसीच्या कामात अपयश पदरी पडून पुन्हा बाहेर पडला. १८८८ मध्ये पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी त्याला आपल्या नव्या संस्थेत जागा दिली. इथे आपल्या मुंबईचा धागा येऊन मिळतो. वाल्देमार हाफकिन हा ओडेसातला त्याचा विद्यार्थी. तोही पाश्चर संस्थेत आला; पण प्रयोगशाळेत जागा नव्हती, म्हणून आधी ग्रंथालयातली साहाय्यकाची नोकरी त्याने पत्करली. हाच हाफकिन १८९६ मध्ये प्लेगने हादरलेल्या मुंबईत उतरला आणि १८९७ च्या जानेवारीत स्वतः तयार केलेली प्लेगची लस त्याने प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेला त्याचे नाव आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या मेचनिकॉफला आता वार्धक्याने घेरले होते; शरीराने नव्हे, विचारांनी. माणूस म्हातारा का होतो? त्याला वाटले, मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जंतू राहतात, त्यांची विषे रक्तात भिनतात आणि शरीर झिजते. मग हे कुजणे थांबवायचे कसे? उत्तर घराघरांत होते. नुसते मांस कुजते, पण दूध ठेवले तर ते कुजण्याऐवजी आंबते. दुधातील साखरेपासून काही जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात कुजवणारे जंतू तग धरत नाहीत. बल्गेरियात शंभरी गाठलेले लोक पुष्कळ असून ते आंबट दही भरपूर खातात, असेही त्याच्या कानावर आले होते. १९०५ साली जिनिव्हात शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने त्या दह्यातला काठीसारखा जिवाणू ओळखला. मेचनिकॉफने तो उचलून धरला, त्यावर व्याख्याने दिली, १९०७ मध्ये पुस्तक लिहिले आणि स्वतः रोज आंबट दूध घेऊ लागला.

मग व्हायचे तेच झाले. वर्तमानपत्रांनी दीर्घायुष्याचा इलाज सापडल्याची हाकाटी केली, जिवाणूंच्या वड्या बाजारात आल्या आणि त्याच्या नावावर धंदा सुरू झाला. आणि तो स्वतः? हृदयविकाराने १५ जुलै १९१६ रोजी, ७१ व्या वर्षी, पाश्चर संस्थेतच तो वारला. शंभरीला एकोणतीस वर्षे कमी पडली. आपले शरीर तपासून पाहावे असे त्याने आधीच सांगून ठेवले होते. जन्मभर दुसऱ्या जिवांना तपासणाऱ्याने स्वतःलाही त्यातून वगळले नाही. त्याच्या अस्थींचा कलश संस्थेच्या ग्रंथालयात ठेवला आहे.

तो चुकला होता का? बराचसा, होय. त्याचा बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात घर करून राहत नाही, हे त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच अमेरिकेत लिओ रेटगर यांनी दाखवले. आतड्यातले सगळे जंतू शत्रू नाहीत, हेही आता कळले आहे. पण पोटात राहणारे जिवाणू आपल्या तब्येतीशी नाते सांगतात आणि अन्नातून त्यांच्यावर परिणाम करता येईल, ही त्याची कल्पना मात्र मागे उरली. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये वेगळा जिवाणू निवडला आणि १९३५ पासून त्याचे पेय विकले जाऊ लागले. पुढचे सारे याच वाटेने आले.

अलीकडे या जिवाणूंच्या जनुकांचेही वाचन झाले आहे आणि त्यातून निघालेली हकिकत मोठी गमतीची आहे. मेचनिकॉफच्या लाडक्या जिवाणूचा जनुकसंच २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतींवरची साखर पचवणारी कितीतरी जनुके त्याने गमावली आहेत किंवा ती मोडकळीस आली आहेत. म्हणजे एके काळी झाडापाल्यावर राहणारा हा जीव माणसाच्या दुधाच्या भांड्यात आला, तिथे त्याला आयते मिळू लागले आणि जुनी हत्यारे गंजून गेली. आपण गाई पाळल्या, तसेच नकळत हेही पाळले. दुधातल्या काही जिवाणूंमध्ये तर दुधाची साखर पचवणारी जनुके मुख्य गुणसूत्रावर नसून वेगळ्या लहानशा कड्यावर असतात. ते कडे हरवले की दूध आंबवण्याचे कसबच जाते.

याहून नवल पुढे आहे. दह्यातल्या दुसऱ्या एका जिवाणूवर विषाणू हल्ला करतात. २००७ मध्ये दह्याचे विरजण बनवणाऱ्या एका कंपनीतील संशोधकांना दिसले की तो जिवाणू हल्लेखोर विषाणूच्या जनुकाचा तुकडा आपल्या जनुकांत साठवतो आणि पुढच्या वेळी तो शत्रू ओळखून त्याला कापून टाकतो. याच यंत्रणेच्या जातीच्या एका कात्रीतून जनुके हवी तिथे कापण्याचे तंत्र निघाले आणि त्याला २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तारामाशात संरक्षणाचे शास्त्र शोधणारा मेचनिकॉफ रोज जी वाटी तोंडाला लावत होता, तिच्यातही तेच शास्त्र तरंगत होते.

आता घरच्यांनी यातून काय घ्यावे? २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी ठरवलेली व्याख्या साधी आहे. जिवंत असावेत, पुरेशा संख्येने पोटात जावेत आणि त्यांचा फायदा सिद्ध झालेला असावा, तरच ते प्रोबायोटिक. फायदा प्रत्येक वाणाचा वेगळा तपासावा लागतो. एकाचे गुण दुसऱ्याला चिकटवता येत नाहीत. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने असे बहुतेक दावे पुराव्याअभावी फेटाळले. दूध न पचणाऱ्यांना जिवंत जिवाणूंचे दही सोसते, हे मात्र तिने २०१० मध्ये मान्य केले. आजीच्या लोटक्यात कोणते वाण होते, कोण जाणे. त्याला औषध म्हणता येणार नाही. पण ज्या पाहुण्याला दुधाने पोट दुखे, त्याला ती आग्रहाने दहीभात वाढी, आणि तो पाहुणा दुसऱ्यांदा भात मागून घेई.

वेळणेश्वरचे ते शिंके आता नाही. आमच्याकडे दही फ्रिजमध्ये राहते. तरी परवा सूनबाईने दुधात बोट बुडवून पाहिले तेव्हा मला ती आठवली. आणि पुलावर दिव्याखाली किडे बघत थांबलेला तो दूरदेशीचा माणूसही.