टपाल वेळेवर पोहोचले

पावसाळ्यात अंबरनाथ स्टेशनवर उभे राहून तुम्ही कधी मलंगगडाकडे पाहिले आहे का? उन्हाळ्यात त्याचा सुळका स्वच्छ दिसतो. जुलै महिन्यात मात्र सारा डोंगर ढगांत बुडून जातो. बदलापूरच्या पुढे कर्जतकडे जावे, तसतसा सह्याद्री जवळ येतो आणि ढग अधिकच काळे दिसू लागतात.

आता कल्पना करा. एका लहानशा विमानाला हा सह्याद्री ओलांडायचा आहे. विमानाला एकच इंजिन आहे. वैमानिकाजवळ रेडिओ नाही. विमानात टपालाच्या थैल्या आहेत. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या देशात असे खरोखर घडत होते. ही विमानसेवा सुरू करणारे गृहस्थ म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. सारे जग त्यांना जे. आर. डी. टाटा म्हणून ओळखते.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील पारशी होते आणि आई फ्रेंच होती. लहानपणीच त्यांना विमानाचे वेड लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होता.

१९३० साली भारत आणि इंग्लंड यांमधील प्रवास एकट्याने विमान चालवून करण्याची, आगाखान यांनी जाहीर केलेली स्पर्धा झाली. जे. आर. डी. कराचीहून निघाले. वाटेत इजिप्तमध्ये त्यांना दुसरे स्पर्धक अस्पी इंजिनियर भेटले. स्पार्क प्लग नसल्यामुळे ते अडकून पडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. स्पर्धा अस्पींनी जिंकली. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टपाल घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला उतरून त्यांनी इंधन भरले. ते इंधन बैलगाडीतून आणले होते! दुपारी ते मुंबईच्या जुहू मैदानावर उतरले. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला नेले.

खरी परीक्षा पावसाळ्यात होती. जुहूचे मैदान चिखलाने भरून जाई. म्हणून पावसाळ्यापुरता सगळा मुक्काम पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावा लागे. समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीला धडकतो आणि वर चढतो. त्यामुळे ढग दाटतात, डोंगरमाथे दिसेनासे होतात आणि विमानाला हादरे बसतात. इंजिन बंद पडले, तर विमान घारीसारखे तरंगत खाली आणावे लागते. सपाट मैदानावर ते जमते. पण दऱ्याखोऱ्यांत उतरायला जागा कोठे मिळणार?

तरीही पहिल्या वर्षात टपाल एकदासुद्धा उशिरा पोहोचले नाही. पश्चिम घाटातील वादळी पावसातही ही सेवा चुकली नाही, याची सरकारच्या विमान खात्याने मुद्दाम नोंद घेतली आणि तिचे कौतुक केले.

याच सेवेतून पुढे एअर इंडिया ही कंपनी उभी राहिली. १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डीं.नी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, मद्रासमध्ये पत्र हाती घेणाऱ्या माणसाला घाटातले वादळ ठाऊक नसे. त्याला एवढेच कळे, की पत्र वेळेवर आले. वादळाला तोंड देणे हे धाडस खरेच. पण लोकांनी टाकलेला विश्वास प्रत्येक वेळी पाळणे, हे त्याहून कठीण काम आहे. तुमच्यावरही घरात कोणीतरी असाच विश्वास टाकलेला असतो, नाही का?

शब्दार्थ
सुळका – डोंगराचे उंच, निमुळते टोक
परवाना – लेखी परवानगी
मुक्काम – काही काळ राहणे

स्वाध्याय
१. पावसाळ्यात पुण्याला मुक्काम का हलवावा लागे?
२. जे. आर. डीं.नी अस्पी इंजिनियर यांना कोणती मदत केली?
३. पावसाळ्यात तुमच्या घरातून दिसणाऱ्या डोंगराचे पाच वाक्यांत वर्णन करा.